२,८०,४२८ रुपयांची बाटली: सोराफेनिबच्या सक्तीच्या परवान्याचे प्रकरण

सोराफेनिब या कर्करोगावरच्या औषधाच्या २०० मिलिग्रॅमच्या १२० गोळ्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे बाटली बरोबर एक महिना पुरते. बायर कंपनी ‘नेक्साव्हार’ नावाने भारतात विकत असलेल्या या बाटलीची किंमत होती २,८०,४२८ रुपये, गोळीमागे साधारण २,३३७. हैदराबादच्या नॅटको फार्माने हेच औषध ८,८८० रुपयांत, म्हणजे ७४ रुपये गोळी या भावाने, द्यायची तयारी दाखवली. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटकोला तसा परवाना दिला. भारतातला तो पहिला सक्तीचा परवाना (म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला माल बनवू देणारी सरकारी परवानगी), आणि पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली मिळालेला आजवरचा एकमेव.

या निकालाबद्दल बोलताना लोक बहुधा दोन टोके गाठतात. एकाला तो गरिबांचा विजय वाटतो, दुसऱ्याला संशोधनावरचा दरोडा. निकालपत्र वाचले तर मात्र वेगळेच दिसते. खटला फिरला तो बाटल्यांच्या संख्येवर, एका सरकारी नमुन्यात भरलेल्या आकड्यांवर आणि एका पत्राला आलेल्या नकारावर. म्हणून हे प्रकरण कागदपत्रांच्या क्रमानेच पाहायला हवे.

औषध आणि पेटंट

सोराफेनिब टोसायलेट हे यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या बळावलेल्या कर्करोगावर देतात. ते रोग बरा करत नाही, आयुष्य वाढवते. यकृताच्या कर्करोगावरच्या मुख्य चाचणीत औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १०.७ महिने निघाले, न घेणाऱ्यांचे ७.९. किमतीच्या वादात हा फरक विसरून चालत नाही. जेमतेम तीन महिन्यांसाठी घरदार विकायचे का, हा प्रश्न त्या बाटलीसोबतच घरात येतो.

पेटंट क्रमांक २१५७५८. आंतरराष्ट्रीय अर्ज जानेवारी २००० चा, भारतातला २००१ चा आणि मंजुरी ३ मार्च २००८ ची. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, म्हणजे जानेवारी २०२० पर्यंत. १९७० च्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, ते फक्त तयार करण्याच्या पद्धतीवर मिळे. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स करारामुळे १ जानेवारी २००५ पासून रेणूवरही पेटंट देणे भाग पडले. तीच दुरुस्ती करताना संसदेने सक्तीच्या परवान्याची तरतूद शाबूत ठेवली. ट्रिप्सच्या कलम ३१ मध्ये तिला जागा आहेच, आणि परवाना कोणत्या कारणांसाठी द्यायचा ते ठरवण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक देशाला आहे, हे नोव्हेंबर २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने स्पष्ट शब्दांत सांगितले.

कलम ८४(१) प्रमाणे पेटंट मंजूर होऊन तीन वर्षे झाली की कोणीही इच्छुक व्यक्ती अर्ज करू शकते. कारणे तीन: लोकांची वाजवी गरज भागत नाही, वस्तू लोकांना परवडेल अशा वाजवी किमतीत मिळत नाही, पेटंट भारताच्या हद्दीत ‘अमलात’ आणलेले नाही. तिन्हींपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते. नॅटकोने तिन्ही मांडली आणि नियंत्रकांसमोर तिन्ही टिकली.

अर्जाआधीचे महिने

कलम ८४(६) नियंत्रकाला काही गोष्टी तपासायला सांगते: शोधाचे स्वरूप, अर्जदाराची तो वापरण्याची क्षमता, भांडवल गुंतवण्याची तयारी, आणि अर्जदाराने आधी पेटंटधारकाकडे वाजवी अटींवर परवाना मागितला होता का. या शेवटच्या मुद्द्यावरच पुढे दुसऱ्या एका कंपनीचा अर्ज फसला.

नॅटकोने ६ डिसेंबर २०१० रोजी बायरला पत्र लिहून स्वेच्छा परवाना मागितला. २७ डिसेंबरला नकार आला. बायरने नंतर युक्तिवाद केला की त्या पत्राची भाषाच परवाना मागणाऱ्याची नव्हती, धमकावणाऱ्याची होती. शिवाय आणखी काही म्हणायचे असेल तर कळवा असेही आम्ही लिहिले होते, नॅटकोने पुढे काही कळवलेच नाही. नियंत्रकांनी आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने हे मानले नाही. नकार स्पष्ट असेल तर त्याच दारावर पुन्हा पुन्हा थापा मारत बसायला कायदा सांगत नाही. तरी हा मुद्दा काठावरचाच होता. नॅटकोचे पत्र थोडे सविस्तर असते, त्यात रॉयल्टीचा ठोस प्रस्ताव असता, तर त्यावर इतका खल झालाच नसता.

नॅटकोने दुसरे काम शांतपणे केले. सक्तीचा परवाना फक्त पेटंटचा अडसर काढतो. औषध विकायला औषध महानियंत्रकांची वेगळी मंजुरी लागते. नॅटकोने ती अर्जाआधीच, एप्रिल २०११ मध्ये, मिळवली होती. पेटंट चालू असताना ही मंजुरी मिळू शकते का, याचा निकालही याच औषधाच्या निमित्ताने लागला होता. सिप्लाला मंजुरी देऊ नये म्हणून बायर दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २००९ मध्ये एकल न्यायाधीशांनी आणि फेब्रुवारी २०१० मध्ये खंडपीठाने तिची मागणी फेटाळली. औषध सुरक्षित आणि परिणामकारक आहे का हे पाहणे औषध नियंत्रकाचे काम, पेटंटची राखण करणे त्याचे काम नव्हे. हा निकाल उलटा लागला असता तर नॅटकोच्या हाती परवाना असूनही गोळी बाजारात आली नसती.

मार्च २०११ मध्ये तीन वर्षे पूर्ण झाली आणि जुलैअखेर नमुना १७ मध्ये अर्ज दाखल झाला. प्रथमदर्शनी प्रकरण आहे असे नियंत्रकांना वाटले की अर्जाची प्रत पेटंटधारकाला जाते आणि अर्ज अधिकृत नियतकालिकात छापला जातो. त्यानंतर विरोधाला दोन महिने मिळतात, मग पुरावे, मग सुनावणी.

बाटल्यांचा हिशेब

प्रत्येक पेटंटधारकाला तेव्हा दरवर्षी नमुना २७ भरावा लागे: पेटंट वापरात आणले का, किती माल बनवला, किती आयात केला, किती किमतीचा. बहुतेक कंपन्या तो निष्काळजीपणे भरत. बायरच्या नोंदींत २००८ ची आयात शून्य होती आणि २००९ ची २०० बाटल्या. वर्षभर उपचार घेणाऱ्या एका रुग्णाला १२ बाटल्या लागतात असे धरले, तर २०० बाटल्या म्हणजे १७ सुद्धा रुग्ण नाहीत. आणि हा देश दरवर्षी यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे हजारो नवे रुग्ण मोजणारा.

रुग्ण नेमके किती यावर दोन्ही बाजूंनी वेगवेगळे आकडे दिले. नॅटकोने जागतिक कर्करोग नोंदींचा आधार घेतला, बायरने कमी संख्या सांगितली. औषध लागू पडेल अशा टप्प्यावरचे रुग्ण किती, डॉक्टर लिहून किती जणांना देतील, हे प्रश्न खरे आहेत. पण बायरचाच आकडा धरला तरी पुरवठा गरजेच्या आसपासही फिरकत नव्हता. नियंत्रकांच्या हिशेबाने गरजूंपैकी २ टक्क्यांहून थोड्या अधिक रुग्णांपर्यंत औषध पोचत होते. पुरवठा ६०–७० टक्के असता तर ‘वाजवी गरज’ म्हणजे किती, यावर खरी चर्चा झाली असती. इथे तिची वेळच आली नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने औषधाच्या बाबतीत निकष आणखी कडक केला: ज्याला ज्याला औषध हवे त्या प्रत्येकाला ते मिळाले पाहिजे, गरज भागली म्हणायला शंभर टक्केच भागली पाहिजे.

बायरचा सगळ्यात हुशार बचाव होता सिप्लाचा. सिप्लाने एप्रिल २०१० पासून ‘सोरानिब’ नावाने हेच औषध महिन्याला सुमारे ३०,००० रुपयांना विकायला सुरुवात केली होती. मग लोकांची गरज मोजताना सिप्लाच्या गोळ्याही धरा, असे बायरचे म्हणणे. अडचण एवढीच की सिप्लाचा माल बंद करा म्हणून बायरनेच दिल्ली उच्च न्यायालयात पेटंटभंगाचा दावा लावला होता. एका न्यायालयात ‘हा माल बेकायदा आहे, थांबवा’ आणि दुसरीकडे ‘हा माल आमच्या खात्यात जमा करा’, असे दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने गरज भागवण्याची जबाबदारी पेटंटधारकाची किंवा त्याच्या परवानाधारकाची आहे. तिसऱ्याने केलेला पुरवठा, तोही उद्या बंद पडू शकेल असा, त्यात धरता येत नाही.

परवडणारी किंमत: कोणाला?

कायद्यात ‘वाजवी परवडणारी किंमत’ याची व्याख्या नाही. बायरचे म्हणणे, ही किंमत शोधाचा खर्च धरून वाजवी आहे का ते पाहा. फसलेल्या रेणूंचा खर्चही यशस्वी औषधांतूनच निघतो. आणि ‘लोक’ म्हणजे सगळे सारखे नव्हेत, त्यांत श्रीमंत आहेत, विमाधारक आहेत, गरीब आहेत. यातला पहिला मुद्दा निराधार नाही. पण सोराफेनिबवर नेमका किती खर्च झाला आणि त्यातून २,८०,४२८ हा आकडा कसा आला, याचा तपशील कंपनीने मांडला नाही. सरासरी खर्चाच्या मोठ्या रकमा सांगून एका विशिष्ट बाटलीच्या किमतीचे समर्थन होत नाही. नियंत्रकांनी उलट बाजूने पाहिले: किंमत कोणाला परवडते हे लोकांच्या नजरेतून ठरवायचे. वर्षाला ३३ लाखांवर जाणारा खर्च इथे परवडतो असे म्हणायला कोणीच धजले नसते.

बायरची रुग्ण साहाय्य योजनाही पुढे आली: काही रुग्णांना सवलतीत औषध मिळत होते. ते खरे धरले तरी ती किंमत नव्हे, मेहेरबानी आहे. कोणाला द्यायची आणि कधी थांबवायची हे देणाऱ्याच्या हातात राहते. कलम ८४ विचारते ते बाजारातल्या किमतीबद्दल. आज औषध कंपन्या अशा योजनांचा गाजावाजा करतात तेव्हा हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

‘अमलात आणणे’ म्हणजे भारतात बनवणे का?

तिसऱ्या कारणावर नियंत्रकांनी सर्वांत धाडसी भूमिका घेतली. कलम ८३ म्हणते की पेटंटे केवळ आयातीची मक्तेदारी भोगण्यासाठी दिलेली नाहीत. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की अमलात आणणे म्हणजे भारतात उत्पादन. बायरचे भारतात कारखाने होते, तरी सोराफेनिब बाहेरूनच येत होते. बायरने ट्रिप्सच्या कलम २७(१) कडे बोट दाखवले: माल आयात केलेला असो की देशात बनवलेला, पेटंट हक्कात भेद करता येत नाही.

निकालाचा हा भाग जसाच्या तसा टिकला नाही. बौद्धिक संपदा अपील मंडळाने ४ मार्च २०१३ च्या आदेशात म्हटले की काही प्रसंगी आयातही पुरेशी ठरू शकते, प्रत्येक प्रकरण वेगळे पाहावे लागेल. मुंबई उच्च न्यायालयाने त्यालाच दुजोरा दिला, पण भारतात का बनवता येत नाही हे सांगण्याचा भार पेटंटधारकावर टाकला. हा मधला मार्ग मला योग्य वाटतो. फार थोड्या रुग्णांसाठी लागणारे औषध प्रत्येक देशात बनवायला लावणे शहाणपणाचे नाही. आणि निकाल पहिल्या दोन कारणांवर आधीच पक्का उभा असताना तिसऱ्याला इतके ताणायची गरज नव्हती.

बायरने कलम ८६ खाली मुदतही मागितली होती. पेटंट वापरात आणायला पुरेसा वेळ मिळाला नाही असे दिसले तर नियंत्रक सुनावणी १२ महिन्यांपर्यंत पुढे ढकलू शकतो. पण त्यासाठी पेटंटधारकाने तत्परतेने पावले उचललेली असावी लागतात. शून्य आणि २०० या आकड्यांपुढे तत्परता सिद्ध होणे कठीण होते.

अटी

परवाना म्हणजे मोकळे रान नव्हे. आदेशातल्या अटी अशा: महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत ८,८८० रुपयांपेक्षा जास्त नको, निव्वळ विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी, वर्षाला किमान ६०० गरजू रुग्णांना मोफत औषध, उत्पादन नॅटकोच्याच कारखान्यात, बाहेरून करून घ्यायचे नाही, वापर याच दोन कर्करोगांसाठी, विक्री भारताच्या हद्दीत. परवाना अनन्य नाही आणि दुसऱ्याला देता येत नाही. गोळीचा रंग, आकार, नाव आणि वेष्टन बायरच्या मालापेक्षा उघड वेगळे हवे. विक्रीचा हिशेब दर तिमाहीला द्यायचा. मुदत पेटंट संपेपर्यंत.

६ टक्के कुठून आले? संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मार्गदर्शक तत्त्वांत मूळ दर ४ टक्के आणि त्यात २ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करण्याची मुभा आहे. नियंत्रकांनी वरची मर्यादा धरली. अपील मंडळाने तो ७ टक्के केला. पूर्ण किमतीवर मोजले तरी बाटलीमागे बायरच्या हाती ५३२.८० ऐवजी ६२१.६० रुपये येतात. वाद ज्या किमतीवर चालला होता त्यापुढे हा फरक नगण्य आहे. दर किती यापेक्षा तो कशावर मोजायचा हे जास्त महत्त्वाचे: रॉयल्टी पेटंटधारकाच्या किमतीवर न मोजता नॅटकोच्या विक्रीवर मोजली, म्हणूनच ८,८८० हा भाव शक्य झाला.

स्थगिती मिळाली नाही, हेच निर्णायक

बायरने अपील केले, स्थगिती मागितली. अपील मंडळाने सप्टेंबर २०१२ मध्ये ती नाकारली. १५ जुलै २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि १२ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशेष अनुमती याचिका. पहिल्या पत्रापासून शेवटच्या निकालापर्यंत चार वर्षे गेली. स्थगिती मिळाली असती तर नियंत्रकांपुढच्या सुनावणीला काही अर्थ उरला नसता. या औषधाचे रुग्ण चार वर्षे वाट पाहत नाहीत. मे २०१२ मध्येच सिप्लाने आपला भाव महिन्याला ६,८४० रुपयांवर आणला, म्हणजे नॅटकोपेक्षाही खाली. एका परवान्याने दुसऱ्या कंपनीचा भाव पाडला, हे निकालपत्रात कुठेच लिहिलेले नाही, पण परिणामांत त्याचे वजन मोठे आहे.

मग दुसरा परवाना का नाही?

बीडीआर फार्माने रक्ताच्या कर्करोगावरच्या डॅसॅटिनिबसाठी अर्ज केला. पेटंटधारक ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने त्यांच्या परवान्याच्या मागणीवर काही माहिती विचारली होती. बीडीआरने उत्तर न देता त्यालाच नकार मानून अर्ज टाकला. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो प्राथमिक टप्प्यावरच बाद झाला, कारण वाटाघाटीचा प्रामाणिक प्रयत्न दिसला नाही. कायद्याने त्यासाठी साधारण सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे; तोवर पत्रव्यवहार सुरू ठेवून प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर द्यायचे, एवढेच करायचे होते. ली फार्माचा सॅक्साग्लिप्टिनचा अर्ज जानेवारी २०१६ मध्ये फेटाळला गेला. मधुमेहावर त्याच गटातली इतर औषधे बाजारात होती, आणि नेमकी सॅक्साग्लिप्टिनचीच गरज किती रुग्णांची भागत नाही याचे आकडे अर्जदाराला देता आले नाहीत. दोन्ही अर्ज कायद्याच्या तत्त्वावर हरले नाहीत, तयारीवर हरले.

आणखी एक मर्यादा रेणूच्या स्वरूपाची. सोराफेनिब हा छोटा रासायनिक रेणू आहे; कुशल रसायनतज्ज्ञ पेटंट वाचून तो बनवू शकतो. ट्रास्टुझुमॅबसारखे जैविक औषध जिवंत पेशींत तयार होते आणि त्याची खरी किल्ली पेटंटमध्ये नसते, प्रक्रियेच्या बारकाव्यांत असते. सक्तीचा परवाना पेटंटधारकाला तंत्र शिकवायला भाग पाडत नाही.

निर्यातीचा प्रश्नही याच औषधाने उभा केला. परवाना भारतापुरता, पण नॅटकोला चाचण्यांसाठी सोराफेनिब चीनला पाठवायचे होते. नियामक मंजुरीसाठी लागणारी माहिती गोळा करायला केलेला वापर कलम १०७अ प्रमाणे पेटंटभंग ठरत नाही, आणि त्यात निर्यातही येते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आणि खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये कायम केले.

आज असाच अर्ज करायचा झाला तर दोन गोष्टी बदलल्या आहेत. अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाले, त्यामुळे अपील थेट उच्च न्यायालयात जाते. आणि ज्या नमुना २७ मधल्या आकड्यांनी बायरचा खटला हरवला, तो नमुना आटला आहे: २०२० च्या दुरुस्तीने किती माल विकला आणि लोकांची गरज भागते का हे सांगायची सक्ती काढून टाकली, आणि मार्च २०२४ पासून तो वर्षातून एकदा नव्हे, तीन आर्थिक वर्षांतून एकदा भरायचा असतो. ‘२००८: शून्य, २००९: २०० बाटल्या’ अशी नोंद आता अर्जदाराला त्यात सापडणार नाही, ती त्याला रुग्णालयांच्या खरेदीनोंदी, सीमाशुल्काची कागदपत्रे आणि औषध दुकानांच्या विक्रीतून स्वतः जुळवावी लागेल.